तुमच्या कादंबरीतला खरा चोर

वहिनी,

तुमच्या दहाव्याला कावळ्यानं फार घाई केली. दादानं पिंडाची पत्रावळ नदीकाठच्या वाळूत टेकवली, अजून पाठही फिरवली नव्हती, तोच वरून एक आला, भाताचा गोळा चोचीत धरला आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. मागून आणखी दोघं आले. भावकी निवांत झाली. ‘सुटली बिचारी,’ आत्याबाई म्हणाल्या, ‘एक इच्छा मागं ठिवली न्हाई.’ लोक इथं तासन्‌तास कावळ्याची वाट बघत उभे राहतात, गेलेल्या माणसाला काय काय कबूल करतात, आणि तुमचं काम बघता बघता उरकलं. सगळे खूश. मी एकटाच त्या बाभळीकडं बघत तुमच्याशी भांडत होतो.

कारण माझं वेगळं ठरलं होतं. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. मग दादा म्हणेल, तुझी कादंबरी छापून काढतो. शिवणार नाही. मनीषा म्हणेल, आई, मी बाबांना सांभाळीन. तरी शिवणार नाही. आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले की मी पुढं होऊन ते बोलेन, जे मी तरुणपणापासून पोटात घेऊन हिंडतोय. कावळ्यानं बोलायला लावलं असं झालं असतं. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत.

तुमची पद्धतच तशी. तुम्ही बेलापूरहून लग्न होऊन आमच्या वाडीत आलात, तेव्हा तुमच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली रहस्यकथांची पुस्तकं होती. एकालाही शेवटचं पान नव्हतं. ‘आमच्या बेलापुरात वाचनालयाचे मास्तर शेवटचं पान फाडून आपल्याजवळ ठेवायचे,’ तुम्ही सांगितलंत. ‘पुस्तक वाचून झालं की त्यांना जाऊन सांगायचं चोर कोण, मग पान मिळायचं.’

‘मग तुमाला मिळालं न्हाई का?’ मी विचारलं.

‘मी मागितलंच न्हाई. मला चोर ठाऊक असायचा.’

घरात आल्यावर तुम्ही तपासकाम सुरू केलंत. आबांचा चष्मा, गोठ्यातली घमेली, दुधावरची साय. सायीवर बोट फिरलेलं दिसलं की तुम्ही पदर खोचून मधल्या घरात उभ्या राहायचात. ‘कुणी खाल्ली ते मला माहीत हाय. पण मी सांगनार न्हाई. ज्याचं त्यानं सांगावं.’ आणि मग भाकरी थापायला बसायचात, जसं काही झालंच नाही. आबांसारखा तापट माणूस, ज्यांच्यापुढं गावचा सरपंच आवाज खाली करायचा, तेसुद्धा एकदा जेवता जेवता म्हणाले, ‘म्या खाल्ली, बाई. जेवू दे आता.’

साय मी पुष्कळदा खाल्ली आणि प्रत्येक वेळी कबूल केली. म्हणून तुम्हाला वाटत राहिलं, की विलासभावजींच्या पोटात काही राहत नाही. गावाला उलट वाटायचं. गाव म्हणायचं, विलास फार गंभीर, विलास फार शांत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझ्या गप्प बसण्याचं इतकं कौतुक झालंय वहिनी, की मलाही कधी कधी वाटायचं, आपण खरंच भारदस्त आहोत.

तुम्ही आणि पारूवहिनी एकाच वर्षी या भावकीत आलात. त्या बाजीराव तात्यांच्या, म्हणजे आमच्या चुलत भावाच्या घरात, बांधाच्या पलीकडं. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, एकीच्या तव्यावर दुसरीची भाकरी भाजली जायची, आणि दोघींना मिळून हसायला कारण लागायचं नाही. ते तीन-चार वर्षं चाललं. मग बांधावरचा म्हसोबा गेला.

आपल्याकडं म्हसोबा म्हणजे काय मोठं देऊळ नाही. शेंदूर फासलेला, माणसाच्या मांडीएवढा दगड, पण दोन वावरांच्या मधोमध तो बसलेला, त्यामुळं देव आणि हद्द दोन्ही एकच. दोन्ही घरचा नारळ त्याच्यापुढं फुटायचा. तात्या थोरल्या मुलीचं जावळ काढायच्या आधी नारळ घेऊन बांधावर गेले, तर देव जाग्यावर नाही. आबांनी ऐकलं आणि काठी घेऊन धावले. हद्दीचा देव हलवला म्हणजे बांध सरकवायचा डाव आहे, आणि डाव तात्यांचाच, हे त्यांनी चालता चालताच ठरवलं होतं. तात्यांनी शपथ घेतली. आबा म्हणाले, ज्याच्या नावानं शपथ घ्यायची त्यालाच खाऊन बसलास. मग तात्यांनी आपली पाणंद, म्हणजे वावरात जायची वाट, अडवली, आबांनी त्यांची विहिरीची पाळी बंद केली. पुढं सरकारी मोजणी झाली, बांध होता तिथंच निघाला, पण तोवर भांडण बांधाचं राहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. बायकांचंही. आबांनी तुम्हाला शपथ घातली, तात्यांनी पारूवहिनींना.

तुम्ही शपथ मोडली नाहीत. तुम्ही म्हशीशी बोलायला लागलात. सकाळी धार काढताना, बांधाकडं तोंड करून, मोठ्यानं: ‘ऐकलंस का गं म्हशे, आमच्या मनीषाला दात आलाय! वरचा आलाय आधी!’ पलीकडच्या गोठ्यातून पारूवहिनींची म्हैस ऐकून घ्यायची, आणि थोड्या वेळानं तिकडून: ‘आगं चंद्रे, वरचा दात आधी आला की मामाला जड आस्तंय म्हनं! मामाला जपाया सांग!’ तिकडं तात्या ओट्यावर बसून तंबाखू मळतायत, इकडं आबा जप करतायत, आणि दोघांनाही हरकत घेता येत नाही, कारण बाई आपल्या म्हशीशी बोलतेय. लग्नं, बाळंतपणं, गुडघेदुखी, कुणाची सून कशी निघाली, सगळं म्हशींच्या कानातून गेलं. आबा वारले, तेव्हा पारूवहिनी सुतकात आल्या, कारण भावकीला यावंच लागतं, पण तोंडानं एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधापलीकडून आवाज आला: ‘चंद्रे, सासरा गेला तरी बाईनं जेवावं. ज्वारीच्या कन्या करून खा म्हनावं.’ तुम्ही धार काढता काढता रडलात. दूध कमी भरलं त्या दिवशी डेअरीत.

मी हे सगळं ऐकत होतो, वहिनी. रोज. गोठ्याच्या मागं माझी खोली.

आता जे दहाव्याला बोललो, ते तुम्हालाही सांगतो, जरी तुम्हाला ते मी सांगायच्या आधीच कळलं असावं असा मला दाट संशय आहे. म्हसोबा मी गाडला.

आमचा पहिला ट्रॅक्टर आला होता आणि मला नुकताच चालवता यायला लागला होता. कांदा निघाला होता, वावर नांगरायचं होतं. आबा बांधावर उभे राहून म्हणाले, ‘जरा बांधाला लागून घे.’ हे वाक्य आपल्याकडचा प्रत्येक बाप प्रत्येक पोराला सांगतो. बांधाला लागून घे, म्हणजे दर नांगरटीला बांध वीतभर कोर, कुणाला कळत नाही, आणि दहा वर्षांत एक जास्तीची सरी निघते. आबा घरी जेवायला गेले आणि मी लागून घेतलं. बांध आधीच कोरून कोरून आमच्या बाजूनं पोकळ झालेला. मागं वळून बघतो, तर गवतातून काहीतरी लाल कलंडतंय. ट्रॅक्टर थांबेपर्यंत देव तासात, म्हणजे नांगराच्या चरात, पडला, नांगरानं त्याच्यावर माती ओढली.

उतरलो. दगड एकट्याला हलेना. आबांना सांगावं तर आबांच्या हातात काठी, आणि आबांना हे सांगावं लागलं असतं, की देव तुमच्या ‘लागून घे’ म्हणण्यानं पडला. मी ठरवलं, दुपारनंतर दादाला घेऊन येतो आणि गुपचूप उभा करतो. म्हणून तेवढ्यापुरतं झाकावं, म्हणून अजून एक तास त्याच्यावरून मारलं. खोल. आणि दादा सापडायच्या आधी तात्या नारळ घेऊन बांधावर पोचले.

एवढंच झालं होतं. एवढ्यावर दोन घरं तुटली. माझ्या तोंडून ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निघालं असतं तर दोन थपडांवर भागलं असतं. दुसऱ्या दिवशी निघालं असतं तर चार. पण पाणंद अडली, विहीर बंद झाली, तात्यांना लोक ‘देवगिळ्या’ म्हणायला लागले, आणि मग मला किती थपडा बसतील याचा हिशोबच लागेना. तुमची जाऊ, माझी सविता, तिलाही मी सांगितलं नाही.

आणि मग एवढ्या वर्षांनी तुम्ही कादंबरी लिहायला घेतलीत! गावात लिहायला दुसरा विषय नव्हता का हो? मनीषा सुप्याच्या कंपनीत लागली, एका सुट्टीत घरी आली आणि तुमच्या मोबाईलमध्ये बोललं की लिहिलं जाणारं ते करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मोबाईल गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून धार काढता काढता कादंबरी सांगायला लागलात. ‘शेंदूर कुणाच्या हाताला’. पहिल्याच प्रकरणात मणियारीण गावात शिरते, बांधावरचा देव गेल्याचं ऐकते, आणि पुढचं वाक्य येतं: ‘सरक की गं मागं, लाथ मारतीस का.’ मोबाईलनं म्हशीला सांगितलेलंही लिहून घेतलं होतं. मनीषा ते काढून टाकत होती, तर तुम्ही तिला थांबवलंत. ‘राहू दे. लोकांना वाटंल, काहीतरी खून आहे.’

मणियारीण ही खरोखरची काष्टीची खैरुनभाभी, बाजारच्या दुसऱ्या दिवशी बांगड्यांची टोपली घेऊन वाडीत येणारी. तुमच्या कादंबरीत ती बायकांना बांगड्या भरता भरता हात निरखते आणि नखातला शेंदूर शोधते. भाभींना कळल्यावर त्या आधी चिडल्या. ‘मैं क्या पोलीस हूँ? म्या बांगड्या भरू का चोर धरू?’ आणि दुसऱ्याच फेरीपासून वाडीतल्या प्रत्येक बाईचा हात उजेडाकडं धरून बघायला लागल्या.

आपला वाद तिथून सुरू झाला. मी म्हणालो, ‘वहिनी, मणियारीण बायकांचेच हात धरते. चोर पुरुष असला तर?’

‘पुरुषाचा हात बाईनं कशाला धरायचा?’ तुम्ही म्हणालात. ‘तो आपल्या पायानं येतो की. थोडा धीर धरावा लागतो.’

तेव्हा मी हसलो होतो. आता त्या वाक्याचा विचार करतो आणि कान गरम होतात.

दर आठवड्याला एक प्रकरण वाडीच्या ग्रुपवर पडायचं. सगळी वाडी वाचायची, काष्टीच्या बाजारात लोक चहाच्या टपरीवर पैजा लावायचे. आणि प्रत्येक प्रकरणाआधी तुम्ही मला बोलवायचात, कारण घरात ट्रॅक्टरचं कळणारा मीच. ‘भावजी, असला दगड एकटा माणूस उचलंल का?’ मी म्हणायचो, छे, दोन तरी लागतील. ‘अन् नांगरात सापडला तर?’ मी म्हणालो, ‘न्हाई हो. फाळ मोडंल. तसला दगड नांगराला झेपत न्हाई.’ किती सहज बोललो मी ते. चहाचा कप हातात होता, हात हललासुद्धा नाही. तुम्ही मान डोलावलीत, ट्रॅक्टरवाल्या पात्राला मोकळं सोडलंत, आणि बांधापलीकडच्या चुलत भावाकडं वळलात. नाव वेगळं दिलंत, पण भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर असलेला माणूस आपल्या पंचक्रोशीत एकच आहे.

शेवटून दुसरं प्रकरण ग्रुपवर पडलं आणि तात्या मफलरसकट आपल्या फाटकाशी आले. ‘म्या देव चोरला व्हय? आरं, घरच्या बाईनं बी तेच लिव्हावं?’ ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून ऐकलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही धारेला बसून बांधाकडं तोंड केलंत. ‘म्हशे, ती गोष्ट हाय गं. खोटी गोष्ट.’ पलीकडून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पारूवहिनींनी म्हैस गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला बांधली होती.

माझ्यामुळं तुमची मैत्रीण एकदा तुटली होती, तीही अर्धीच, म्हशीएवढी जागा तुम्ही दोघींनी वाचवली होती. आता तीही मी घालवली. आणि तरी मी बोललो नाही, वहिनी. आजवर जे काय केलं, त्यात हे सगळ्यात वाईट.

मग तुम्ही मला चहाला बोलावलंत. तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात. तुम्ही शेंगा फोडत बसला होतात. म्हणालात, ‘शेवट बदलनार हाय मी. तो चुलत भाऊ चोर न्हाई.’

‘मग कोन?’

‘तेच बघतीया.’ शेंग फुटल्याचा आवाज. ‘काष्टीच्या वेल्डिंगवाल्याला विचारलं मी. तसल्या दगडानं फाळ मोडत न्हाई म्हनाला तो.’

मी चहा पीत राहिलो. संपला होता, तरी पीत राहिलो.

‘भावजी, नांगरताना ट्रॅक्टरवरच्याला सारखं मागं बघावं लागतं ना हो?’

‘व्हय.’

‘मग त्याला दिसलं आसंल की,’ तुम्ही म्हणालात आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागलात. ‘अजून टाकू चहा? साखर कमी झाली का?’

मी नको म्हणालो आणि उठलो. तुम्ही मला उंबऱ्यापर्यंत बघत होता, ते पाठीला कळत होतं. सायीसारखं. ज्याचं त्यानं सांगावं. तुम्ही शेवटचं प्रकरण पुढं ढकललंत, ग्रुपवर लोक विचारत राहिले, तुम्ही ‘म्हैस आजारी हाय’ असं लिहीत राहिलात. म्हैस ठणठणीत होती. तुम्ही माझी वाट बघत होता. निदान मला तसं वाटतं. खरं काय ते सांगायला तुम्ही थांबला नाहीत.

दहाव्याला कावळे शिवून गेल्यावर श्रद्धांजलीची भाषणं झाली. माईक होता, मंडप होता, आलेल्या पुढाऱ्यांपैकी एकानं तुमच्या ‘कवितां’चं फार कौतुक केलं. तुम्ही हसला असता. तात्या पहिल्या रांगेत मफलर गुंडाळून बसले होते, सुतक भावकीचं म्हणून आले होते. पारूवहिनी बायकांत, खाली मान. शाळेचे गुरुजी माईकवरून म्हणाले, ‘आता कुटुंबाच्या वतीनं विलासराव दोन शब्द बोलतील.’ माझे दोन शब्द सगळ्यांना माहीत आहेत. ‘सगळे आलात, आभारी आहोत.’ लोक उठायच्या तयारीत होते.

मी माईक हातात घेतला. कावळ्याची जबरदस्ती नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं, आणि नुसते आभार मानून खाली बसलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. म्हणालो, ‘तात्यांनी म्हसोबा हलवला न्हाई. नांगरताना माझ्याकडनं पडला, आन म्या गाडला.’ माईकवाल्यानं कीर्तनासाठी आवाज घुमवून ठेवला होता. ‘गाडला, गाडला, गाडला’ असं ते पार नदीपलीकडं गेलं.

मग तात्या उठले.

‘परत बोल.’

मी परत बोललो.

‘माईक तोंडाजवळ धर की. आन हिकडं तोंड करून बोल, काष्टीची मान्सं हिकडं बसल्यात.’

तिसऱ्यांदा बोललो, काष्टीकडं तोंड करून. तात्या सगळ्यांकडं एकदा गोल बघून सावकाश खाली बसले. मला वाटलं मारतील. मारायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, इतका तो माणूस हलका झाला होता. मागून खैरुनभाभींचा आवाज आला, ‘पुरुषांचे हात धराया पायजे हुते म्या!’ आणि दहाव्याच्या मंडपात, वहिनी, लोक हसले. तुमच्या दहाव्याला. दादा डोळे पुसत हसला.

पारूवहिनी हसल्या नाहीत. उभ्या राहून, तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, ‘मग सुमननं आमचं नाव का घ्यावं?’ पदराखाली काही दिसत नव्हतं, आवाज तेवढा येत होता. मी माईक खाली ठेवला आणि त्यांच्यापुढं जाऊन सांगितलं, की वहिनी मला विचारायच्या, मी खोटं सांगायचो, फाळ मोडतो म्हणालो, त्यांना हाताला धरून तुमच्या दारात मीच नेलं. आणि शेवट त्या बदलणार होत्या, तसं मला म्हणाल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या निघून गेल्या.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तो तसाही बोलत नाही, त्यामुळं मला उशिरा कळलं. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, ‘आबा आस्ते तर तुलाच तिथं उभा केला आस्ता, शेंदूर फासून.’ सविता म्हणाली, ‘पोटात एवढा धोंडा घेऊन तू माझ्या हातचं जेवत हुतास, म्हनून म्हनते भाकरी का उरायची.’

तात्या चौथ्या दिवशी आले. फाटकाशी नाही, आत, ओट्यावर. मी तयारीत होतो. पण त्यांना वेगळीच काळजी होती. ‘कादंबरी छापनार म्हनं तुमी. त्यात माझं काढू नका हां. काष्टीच्या बाजारात पोरं मला वळकायला लागल्यात. फोटू काढत्यात.’ मी म्हणालो, तात्या, तुम्ही चोर नाही हे आता सगळ्यांना माहीत झालं. ‘मग आता चोर ऱ्हायला काय हरकत हाय?’ ते म्हणाले. यावर तुम्हीच काहीतरी बोलला असता.

तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी कुणावर संशय घेत नाही, वहिनी. परवा साय कुणीतरी खाल्ली. सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही. मी मधल्या घरात जाऊन मोठ्यानं म्हणालो, ‘म्या खाल्ली,’ तर सविता म्हणाली, ‘बरं.’ नुसतं बरं. एवढं पोरकं मला तुमच्या अग्नीजवळही वाटलं नव्हतं.

मी तुमचा ऋणी आहे, हे असं लिहिलं की परकं वाटतं. तुम्ही मला धरून द्यायला मोकळ्या होता. ग्रुपवर एक ओळ टाकली असती तरी पुरलं असतं. तुम्ही तुमच्या गोष्टीचा शेवट अडवून धरलात, मैत्रिणीची नाराजी सोसलीत, आणि मला चहा पाजलात. अजून थोडे दिवस मिळाले असते तर मी बोललो असतो, असं म्हणायचा मोह होतो. बोललो नसतो. मला मी माहीत आहे. तुमच्या समोर कबूल करण्याइतकी हिंमत माझ्यात तुम्ही जाईपर्यंत आली नाही, ही गोष्ट कुठल्याच शेवटात बसत नाही.

म्हसोबा अजून उसाखाली आहे. नेमका कुठं, ते मी डोळे मिटून दाखवीन, पण उभ्या उसात खणता येत नाही. तोड झाली की दोन्ही घरांनी मिळून काढायचा आणि बांधावर परत बसवायचा असं ठरलंय, आणि बांध आधी होता तेवढा रुंद करायचा, आमच्या बाजूनं. तात्या म्हणतात, बोकड पाहिजे. दादा म्हणतो, कोंबडं. यावर कालपर्यंत तोडगा नव्हता.

काल दुपारी पारूवहिनी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर जरा थांबल्या, घर बघितलं, मग आत येऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि डबे कुठले कुठं आहेत ते बघायला लागल्या. माझ्याकडं बघितलंच नाही. सविता पाणी घेऊन आली, ते उभ्यानंच प्यायल्या.

‘बोकड-बिकड काही न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘पुरनाचा निवद. डाळ मी शिजवीन, पोळ्या हितं लाटायच्या.’ कुणी हो-नाही म्हणायची त्यांनी वाट बघितली नाही. मग माझ्याकडं वळल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आपणहून. मला वाटलं, आता बोलतील, आता जे काय बोलायचं ते ऐकून घ्यायचं.

‘सुमनचा घास बाजूला काढायचा हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तिला अलीकडं पुरन कसलं चालायचं? गुळाचं का साखरंचं? तवा तर गुळाचं लागायचं तिला.’

‘गुळाचंच,’ मी म्हणालो. ‘साखरेच्या पोळीला हात लावायच्या न्हाईत.’

पारूवहिनींनी हातातला पेला ओट्यावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

‘मग तीच हुती,’ त्या म्हणाल्या. ‘बदलली न्हवती.’